विजयचा हिशोब नक्की कुणाशी? (हिंदी सूडपट, फ्रॉइड आणि आपण)

तिसरी घंटा

'अ‍ॅनिमल' या सिनेमावर या मंचावर भांडून झालं आहे, ते पुन्हा उकरत नाही. मला त्यातला एकच प्रसंग सोडत नाहीये. शेवटाकडे त्याचा नायक रणविजय बापाला म्हणतो, आता तू मी हो आणि मी तू होतो. मग लहानपणी आपल्याशी कसं वागलं गेलं ते तो बापाला करून दाखवतो. तीन तासांहून लांब सिनेमा, मुडद्यांचा खच, आणि मूळ तक्रार काय, तर बाबा घरी नसायचे. बापावर गोळ्या झाडणारे शोधत गेलं तर तेही चुलत घराण्यातलेच निघतात. सूड कसला, शुद्ध भाऊबंदकी!

तर माझं म्हणणं असं. आपल्या सूडपटांत खलनायक बहुतेक वेळा निमित्ताला असतो. ज्याच्याकडून खरं येणं बाकी आहे तो माणूस घरातला असतो. त्याच्यावर हात उचलणं सोडाच, त्याचा राग येतो हे स्वतःशी कबूल करणंही आपल्याकडे पाप. मग तो राग बाहेरच्या कुणावर तरी निघतो, आणि बाहेरचा इतका नीच रंगवलेला असतो की प्रेक्षकाला शंकाच येऊ नये. मनोविश्लेषणवाले, म्हणजे फ्रॉइडवाले, याला विस्थापन म्हणतात. आपल्याकडे वड्याचं तेल वांग्यावर.

'जंजीर' (१९७३) घ्या. दिवाळीची रात्र, बाहेर फटाके, घरात आईबापांचा खून आणि कपाटात दडलेलं पोर. पोराला मारेकऱ्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्या मनगटातल्या साखळीला लटकणारा घोडा तेवढा दिसतो. पुढे इन्स्पेक्टर झाल्यावरही विजय (अमिताभचा नायक बऱ्याच सिनेमांत याच नावाचा) पांढऱ्या घोड्याच्या स्वप्नातून घामाघूम होऊन उठतो. जे पाहणं झेपत नाही ते मन बाजूला सारतं आणि त्याच्या शेजारची एखादी किरकोळ वस्तू घट्ट धरून ठेवतं, असं फ्रॉइडने १८९९ साली लिहिलं. सलीम-जावेदनी ते वाचलं होतं की नाही ते जाऊ द्या, पटकथेत ते नेमकं बसलं आहे. पण एक गोष्ट नजरेतून निसटते. तो बाप काही सज्जन मास्तर नव्हता. त्याच टोळीत काम केलेला, नुकताच तुरुंगातून सुटून आलेला माणूस होता. मुलाच्या स्वप्नात घोडा येतो, बापाचा गुन्हा कधी येत नाही.

'दीवार' (१९७५) तर आणखी गमतीचा. सूडपट म्हणून आपण तो लक्षात ठेवतो, पण विजय सूड घेतो तरी कुणावर? युनियनचा पुढारी असलेल्या बापाला बायकामुलांच्या जिवाची धमकी देऊन सही करायला लावणारा मालक होता, त्याच्या मागे तो जात नाही. 'माझा बाप चोर आहे' असं हातावर गोंदवणाऱ्यांनाही शोधत नाही. ज्या इमारतीच्या पायाशी आईने मजुरी केली ती विकत घेऊन तिला द्यायला निघतो, आणि आई ती घेत नाही. पळून गेलेला बाप थेट प्रेत होऊन परत येतो. त्याच्याशी भांडायचं राहून गेलं ते गेलंच.

बापावर थेट नेम धरणारा विजय एकच, 'त्रिशूल' (१९७८) मधला. तिथेही बापाने मुलाला नाव दिलेलं नाही म्हणूनच ते चालून जातं. बाप राज कुमार गुप्ता, बांधकामातला बडा माणूस. विजय त्याला गोळी घालत नाही. त्याचीच कंत्राटं हिसकावतो, त्याच्या घरातली माणसं एकेक करून फोडतो, आणि कंपनीला नाव देतो आईचं. म्हणजे बाप व्हायचं, बापापेक्षा मोठा बाप व्हायचं, आणि पाटी आईची लावायची. इडिपसला (बापाला मारून आईशी लग्न करणारा ग्रीक कथेतला राजा, मुलाच्या बापाशी असलेल्या स्पर्धेला फ्रॉइडने त्याचं नाव दिलं) यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही. पण शेवट बघा. मुलावर आलेली गोळी बाप झेलतो आणि हिशोब परत कौटुंबिक होतो. बापाला मारायचं काम दुसऱ्याने केलं, मुलाचे हात स्वच्छ राहिले.

चार वर्षांनी 'शक्ती' (१९८२) आला आणि बंदुकीचं तोंड फिरलं. पळवून नेलेलं पोर टेलिफोनवर बापाचा आवाज ऐकतं. बाप पोलिस अधिकारी, तो सांगतो की मुलाला मारा पण मी कायदा मोडणार नाही. त्या एका वाक्यावर सगळा सिनेमा उभा आहे. शेवटी तोच बाप मोठ्या झालेल्या मुलाला गोळी घालतो.

इथे फ्रॉइड अडखळतो आणि कवी, लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन मदतीला येतात. 'इंडियन इडिपस' या निबंधात त्यांनी दाखवलं की आपल्या कथांमध्ये मुलाने बापाला मारल्याची उदाहरणं शोधावी लागतात, पण उलट्या दिशेची पावलोपावली सापडतात. ययाती मुलाचं तारुण्य घेतो (हे मराठी माणसाला खांडेकरांच्या कृपेने वेगळं सांगायला नको), शंतनूच्या लग्नापायी भीष्माचं लग्न आणि राज्य जातं, शंकर गणपतीचं मस्तक उडवतो. मुलाने मोडायचं आणि बापाने राहायचं. 'शक्ती'चा शेवट ग्रीक नाही, अगदी इथला आहे.

तुम्हाला काय वाटतं? आणि 'शोले'तले ठाकूर-गब्बर कुठे बसवायचे?

पावशेर

वाचनखूण साठवली. 'त्रिशूल' मी आजवर फक्त बिडीने डायनामाइट पेटवणाऱ्या अमिताभसाठी पाहत आलो, आता बघायची सोय राहिली नाही.

कडू कारलं

लेख चांगला जमलाय, पण मुळावरच आक्षेप आहे. १९७४ चा रेल्वे संप, महागाई, पदवी घेऊन चकरा मारणारी पोरं, जून १९७५ मध्ये आणीबाणी, आणि १९८२ साली मुंबईत गिरणी संप. हे सगळं आजूबाजूला चालू असताना विजयला राग का येतो हे शोधायला आपण त्याच्या आईच्या पदराखाली जायचं? 'दीवार'ची सुरुवातच संपातून होते. मालकाने पुढाऱ्याला कुटुंबाच्या जिवावर वाकवलं. ही मालक आणि मजूर यांची गोष्ट आहे. तिची आई-बाप-मुलगा अशी गोष्ट कुणी केली? तर निर्मात्याने, कारण ती तशी सुरक्षित होते. आणि आता टीकाकारही तेच करणार? प्रेक्षक थिएटरात शिट्ट्या मारत होता तो काय आईच्या आठवणीने?

तिसरी घंटा

कारलंसाहेब, तुमचा मुद्दा आणि माझा मुद्दा एकाच दाराने आत येतात. संप मोडला हे राजकारण. पण मुलापर्यंत ते कसं पोचलं? हातावर गोंदवलेल्या चार शब्दांनी. त्याला मालकाचा चेहरा ठाऊक नाही, बापाचं वाकलेलं डोकं ठाऊक आहे. लहान मुलाला व्यवस्था दिसत नाही, तिने मोडलेला आपला माणूस दिसतो, आणि राग येतो तो मोडणाऱ्याइतकाच मोडलेल्याचाही. गोष्ट घरात आणली म्हणून सुरक्षित झाली म्हणता, मला वाटतं घरात आणल्यावर ती जास्त चावते.

आणि शिट्ट्यांचं म्हणाल तर हो, आईच्याही. 'माझ्याकडे आई आहे' या उत्तरावर अख्खं थिएटर उसळत होतं, बंगला-गाडीवर नव्हे.

कडू कारलं

ते उत्तर शशी कपूरचं आहे. शिट्ट्या त्याला, पैसे वसूल अमिताभला. त्यातच सगळं आलं.

सावकाश बोला

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एक सावधगिरीची सूचना. विजयला अबोध मन नाही. तो कागदावरचा माणूस आहे, दोन दृश्यांच्या मधल्या वेळात तो कुठेच नसतो. त्याचं निदान करणं हा मजेचा खेळ आहे, पण मनोविश्लेषणाला खरा प्रश्न विचारायचा तर असा: हे स्वप्न पाहतंय कोण? फ्रॉइडने १९०८ साली लेखक आणि दिवास्वप्नं यांच्यावर लिहिताना म्हटलं होतं की लोकप्रिय कथेतला नायक कशातूनही वाचतो, कारण त्याच्या जागी वाचणाऱ्याचा 'मी' बसलेला असतो. सूडपटात तर हे उघड आहे. नायकाला सहा गोळ्या लागतात आणि तरी तो खलनायकापर्यंत पोचतो. नियम दिवास्वप्नाचे आहेत.

आपल्याकडे हा धागा पकडला मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी. (ते शेवटची अनेक वर्षं गोव्यात राहत होते, २०२४ साली गेले.) हिंदी सिनेमाकडे त्यांनी समूहाचं दिवास्वप्न म्हणून पाहिलं. लाखो लोक एकच स्वप्न तिकीट काढून पाहतात, तर त्यात त्यांच्या बालपणाचं काहीतरी सामायिक असणारच. बच्चनच्या नायकाचा पूर्वज त्यांना कर्णात दिसला: चांगला असून वाईट बाजूला उभा राहिलेला, आईने सोडलेला, धाकट्या भावाच्या हातून मरणारा. 'दीवार' यावर ताडून पाहा.

कक्करांचा भर आईवर आहे. मुलगा लांबपर्यंत आईच्या कुशीत वाढतो आणि मग एक दिवस त्याला पुरुषांच्या जगात ढकललं जातं. बाप तोवर लांबचा, मोठ्या घरातल्या अनेक पुरुषांपैकी एक. त्यामुळे भारतीय मुलाची मूळ ओढाताण बापाशी स्पर्धेची नसून आईपासून सुटण्याची आहे, असं त्यांचं म्हणणं. ती हवी आहे आणि ती गिळूनही टाकेल, दोन्ही एकदम.

अवांतर: हा वाद जुना आहे. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. त्यांनी फ्रॉइडला स्वच्छ कळवलं होतं की बापाकडून लिंगच्छेद होईल ही भीती युरोपीय रुग्णांत जितकी ठळक दिसते तितकी माझ्या भारतीय रुग्णांत दिसत नाही. तिसरी घंटा, 'आपल्याकडे इडिपस बसत नाही' हे सांगायला रामानुजनांपर्यंत थांबायची गरज नव्हती.

स्लो लोकल

एवढं सगळं वाचलं आणि पडद्यावरच्या आईचं, राखीचं, नाव कुणीच घेतलं नाही? 'शक्ती', 'राम लखन', 'बाजीगर', 'करण अर्जुन'. वर्षानुवर्षं आमच्या पिढीच्या सगळ्या सूडांचं मुख्यालय ती होती. मुलं येणार म्हणाली म्हणजे मेलेली असली तरी येणार.

सावकाश बोला

स्लो लोकल, हसू आलं पण मुद्दा पक्का आहे. 'करण अर्जुन' (१९९५) मध्ये आईची इच्छा इतकी जबर आहे की मेलेल्या मुलांना दुसऱ्या आयांच्या पोटी जन्म घ्यावा लागतो. त्या दुसऱ्या घरांचं पुढे काय झालं, कुणी विचारत नाही. देऊळ कालीचं. मुलांना स्वतःचं आयुष्य असू शकतं हा विचार त्या सिनेमाला शिवत नाही.

'बाजीगर' (१९९३) मध्ये हेच उघडंवाघडं आहे. आईचं भान हरपलेलं, आणि मुलगा खलनायक मदन चोप्राचं साम्राज्य लुटून तिला परत आणू पाहतो. वाटेत शिल्पा शेट्टीला इमारतीवरून ढकलून देतो. प्रेक्षक त्याला माफ करतो, नुसतं माफ नाही, डोक्यावर घेतो. का? कारण प्रत्येक गुन्ह्याची पावती आईच्या नावावर फाटते. शेवटी तो तिच्या मांडीवर मरतो. 'दीवार' मांडीवर, 'अग्निपथ' मांडीवर, 'बाजीगर' मांडीवर. जिथून निघाला तिथे पोचला. सुटका झालीच नाही.

तिसरी घंटा

'अग्निपथ' (१९९०) काढलात ते बरं झालं. मराठी माणसाने त्यावर बोलायलाच हवं. विजय दीनानाथ चव्हाण, गाव मांडवा. (आता तिथे रो-रो बोटीने गाडीसकट जाता येतं, खलनायक कांचा चीनाला कळलं असतं तर धंदा बदलला असता.)

लोक म्हणतात विजयने कांचावर सूड उगवला. पण मास्तरला, म्हणजे विजयच्या बापाला, मारलं कुणी? कांचाने बदनाम केलं, हात गावकऱ्यांचे होते. पोराच्या डोळ्यांदेखत ओळखीच्या माणसांनी मारलं. आणि मोठा झालेला विजय त्याच गावाला परत मिळवायला जीव टाकतो! गावाचा राग येणं त्याला परवडत नाही, कारण गाव म्हणजे आई-बाप-घर. म्हणून गावाच्या वाटचा सगळा राग एका कांचाच्या खात्यावर जमा होतो. आणि कांचापर्यंत पोचायला तो स्वतः कांचासारखा होतो. आक्रमकाशी तादात्म्य, फ्रॉइडच्या मुलीने, अ‍ॅनाने, १९३६ साली मांडलेलं. विजयच्या आईला, सुहासिनीबाईंना (रोहिणी हट्टंगडी), ते पहिल्यांदा दिसतं. जेवायला बसलेल्या मुलाला त्या हात धुवायला सांगतात आणि तो भडकतो. त्या एका प्रसंगात जेवढं आहे तेवढं सगळ्या मारामाऱ्यांत मिळून नाही.

मोकळे केस

आई, आई, आई. इथे बाईला दोनच कामं: मांडी द्या किंवा छातीवर गोळी घेऊन मरा म्हणजे नायकाला कारण मिळेल. बाई स्वतः सूड घेते तेव्हा तुमचा फ्रॉइड काय करतो?

१९८० नंतर सूड घेणाऱ्या बायकांचे सिनेमे रांगेने आले. 'इन्साफ का तराजू' (१९८०), मग एन. चंद्रांचा 'प्रतिघात' (१९८७), मग 'खून भरी मांग' आणि 'जख्मी औरत' (दोन्ही १९८८). सिनेमाच्या अभ्यासक ललिता गोपालन यांचा १९९७ चा निबंध अशाच सिनेमांवर आहे. त्यांचा धारदार मुद्दा असा की या बायकांना सूडाचा परवाना मिळतो तो आधी बलात्काराचं दृश्य पूर्ण दाखवून झाल्यावर. प्रेक्षकाने दोन्ही बघायचं, दोन्हींचा आस्वाद घ्यायचा. पुरुषाचा सूड बालपणापासून सुरू होतो. त्याला स्वप्न असतं, घोडा असतो, गोंदण असतं. बाईच्या सूडाला बालपण नाही. तिची गोष्ट तिच्या शरीरावर काय झालं तिथून सुरू होते. डिंपल 'प्रतिघात'मध्ये असती किंवा सुजाता मेहता 'जख्मी औरत'मध्ये, काही फरक पडला नसता, कारण पटकथेला त्यांच्या आत काही आहे असं वाटतच नाही.

'जख्मी औरत'मध्ये तर बायका बलात्काऱ्यांना पकडून शस्त्रक्रियेने लिंगच्छेद करतात. फ्रॉइड ज्याला मनातली भीती म्हणाला ते तिथे टेबलावर घडतं. आणि मग सिनेमाच घाबरतो, त्यांना कोर्टात उभं करतो. पुरुष थेट मरतो किंवा जिंकतो, बाईला बाजू मांडावी लागते.

अपवाद 'कहानी' (२०१२). विद्या बागची खोटं पोट बांधून कोलकात्यात फिरते आणि सगळे पुरुष तिला मदत करतात, कारण गरोदर बाईकडून धोका असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. आई हेच तिचं वेषांतर. ते पोट काढून तिने त्याच पोटाने मारायला सुरुवात केली तेव्हा मी थिएटरात एकटीच टाळ्या वाजवत होते.

पावशेर

+१. एकट्या नव्हता.

आजोळ

'आईची बाजू' यावरून आठवलं. आमच्याकडे सटवाईच्या मुलीची गोष्ट सांगत. पाचवी-सहावीला बाळाच्या कपाळी लिहायला निघालेल्या सटवाईला तिची लेक विचारते, माझ्या कपाळी काय लिहिलंस? ती सांगते, तुझं लग्न तुझ्याच मुलाशी होईल. मग तिची धडपड आणि शेवटी तेच होतं. इरावती कर्वे यांनी १९५० साली इंग्रजी नियतकालिकात इडिपसच्या गोष्टीचं मराठी रूप छापलं होतं आणि रामानुजनांनी अशा कथांची नोंद घेतली. ग्रीक गोष्टीत मुलगा भविष्य ऐकतो, मुलगा पळतो, मुलगा डोळे फोडून घेतो. आपल्या गोष्टीत भविष्य बाईला ठाऊक आहे आणि ओझं तीच वाहते. मोकळे केस, तुमची नायिका लोककथेत आहे, सिनेमावाल्यांनी ती घेतली नाही.

आणि बापाने मुलाला मारण्याचं बोलत होतात ना, चिलया बाळ विसरलात? पाहुण्याचा हट्ट पुरवायला आईबापांनी पोटचं पोर मारलं आणि चांगुणेने त्याचं डोकं उखळात कांडलं. हे आपण श्रावणात भक्तिभावाने ऐकतो.

झाडीपट्टी

चिलया बाळाचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. 'सैराट' (२०१६) सूडपट आहे असं कुणी म्हणत नाही, पण शेवटची दहा मिनिटं दुसरं काय आहे? भाऊ माहेरचं सामान घेऊन येतो, बहीण चहा टाकते. आपल्या पोरीला घरच्यांनी मारणं. रामानुजनांचं सूत्र तिथे नागडं उभं आहे: मोठ्यांनी लहानांना मारायचं.

पण त्या भावाच्या मनात बालपणीची काही जखम शोधत बसलात तर मी उठून जाईन. तिथे जात आहे. त्याला झोप न येण्याचं कारण पांढरा घोडा नाही, गावात मान खाली जाईल हे आहे. धाग्यात इतकं झालं, जात हा शब्द आत्ता आला. सूड उगवायचा हक्क कुणाला आहे हेही ठरलेलं असतं. विजयने गोळ्या घातल्या तर संतप्त तरुण. फूलनदेवीने बंदूक उचलली तर डाकू. तिच्या टोळीने बेहमई गावात केलेलं ठाकुरांचं हत्याकांड १९८१ चं, आणि २००१ साली दिल्लीत तिला मारणारा म्हणाला की मी बेहमईचा बदला घेतला. त्याची बाजू समजून घेणारे खूप निघाले. 'फँड्री'तला जब्या शेवटी एक दगड मारतो, बस. तो दगड कुणाला लागला ते ज्याचं त्याने ठरवावं.

सावकाश बोला

झाडीपट्टी, उठून जाऊ नका. तुम्ही म्हणता तेच मी दुसरीकडून म्हणेन. मान खाली जाण्याची भीतीसुद्धा घरातच शिकवली जाते, फार लहानपणी, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही इथपासून. जातीचं मन कसं तयार होतं यावर मनोविश्लेषणाने फार कमी काम केलंय, कारण आमच्या खुर्चीवर बसणारे आणि समोर येणारे दोघंही बहुतेक एकाच थरातले. हा आमच्या शास्त्राचा दोष आहे, प्रश्नाचा नाही.

बे एरियातला बाब्या

उशिरा आलो. 'बदलापूर' (२०१५) कुणी घेतला नाही याचं आश्चर्य वाटलं. श्रीराम राघवनने सूडपटाची हवाच काढून टाकली आहे. रघूची बायको आणि मुलगा दरोडेखोरांच्या पळापळीत मरतात. तो बदलापूरला जाऊन राहतो आणि पंधरा वर्षं काहीच करत नाही, फक्त थांबतो. फ्रॉइडचा १९१७ चा लेख आहे, शोक आणि विषण्णता यांच्यातल्या फरकाचा. शोक करणारा माणूस गेलेल्याला हळूहळू सोडतो. विषण्ण माणूस सोडत नाही, गेलेल्याला आत घेतो आणि स्वतःच पोकळ होतो. रघू हा दुसरा. त्याला लियाक (दरोडेखोरांपैकी एक) मारायचा नाहीये खरं म्हणजे, त्याला रडायचं नाहीये. जोवर सूड बाकी आहे तोवर बायको-मुलगा पूर्ण मेलेले नाहीत. म्हणून गंमत अशी होते की सूड पूर्ण करून तो जास्त रिकामा आणि लियाक, जो गुन्हेगार, तो रघूने केलेले खून अंगावर घेऊन मोठा होतो. सिनेमा संपताना आपण खलनायकासाठी हळहळतो.

'गजनी' (२००८) याचंच भडक रूप. पंधरा मिनिटांत सगळं विसरणारा माणूस, अंगभर गोंदवून ठेवलेला सूड. 'दीवार'मध्ये दुसऱ्यांनी गोंदवलं, इथे स्वतःच. रोज सकाळी आरशात त्याची प्रेयसी कल्पना नव्याने मरते. दुःख ताजं ठेवायची याहून पक्की सोय नाही.

आणि आपल्याकडे याचा मूळपुरुष अश्वत्थामा. बापाच्या मरणाचा सूड म्हणून झोपेतल्या पोरांना कापलं, आणि मरण नाही, कपाळावरची जखम भरत नाही, तेल मागत फिरतो.

तिसरी घंटा

बाब्या, हे फार आवडलं. याच्या उलट बाजूला शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'वरचा 'हैदर' (२०१४) ठेवतो. हॅम्लेट हा फ्रॉइडचा लाडका रुग्ण: काकाला मारायला त्याचा हात उचलत नाही, कारण काकाने जे केलं ते त्याला स्वतःलाच करायचं होतं. विशाल भारद्वाजने हे झाकलं नाही. आई-मुलगा झालेल्या तब्बू आणि शाहिदमधली जवळीक बघताना आपण खुर्चीत अवघडतो. पण शेवट त्याने शेक्सपिअरकडून घेतला नाही. आई स्वतःला स्फोटाने उडवते, आणि पाय गेलेला काका समोर पडला असताना हैदर त्याला सोडून चालू लागतो.

'गँग्स ऑफ वासेपूर' (२०१२) मध्येही हॅम्लेट आहे, फक्त कोळशाने काळा झालेला. लहान फैजल आईला नासिरबरोबर नको त्या क्षणी पाहतो, आणि पुढे गांजा ओढत पडलेला हाच मुलगा सगळ्यांत मोठा सूड घेतो. सुरुवात तिथून झाली, घराण्याचा वैरी रामाधीर सिंग याच्यापासून नाही.

आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं आणि गणपतराव जोश्यांनी तो रंगभूमीवर गाजवला, तेव्हा आपल्या लोकांना या माणसाबद्दल काय वाटत होतं यावर कुणी जाणकाराने स्वतंत्र धागा काढावा.

स्लो लोकल

सगळं झालं, ठाकूर-गब्बर राहिले. प्रश्न धागाकर्त्याचाच होता.

सावकाश बोला

'शोले'वर सरळसोट फ्रॉइड लावणं फार सोपं आहे. हात मागणारा गब्बर, हात नसलेला ठाकूर, आणि कापलेलं झाकणारी शाल. बोस असते तर म्हणाले असते, इथे ती भीती बापाकडून नाही, डाकूने बापालाच कापलं आहे. आणि ठाकूर दोन भाडोत्री मुलगे आणून आपले हात परत मिळवतो. जय त्या कामी येतो. रामानुजन पुन्हा.

पण मला त्यात जास्त रस शेवटाचा. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी मारतो. सेन्सॉरने ते चालू दिलं नाही, माजी पोलिस अधिकारी कायदा हातात कसा घेईल म्हणून. सिनेमा १५ ऑगस्ट १९७५ ला आला, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. मग पोलिस ऐन वेळी पोचतात तो शेवट आला आणि आपण तोच पाहत मोठे झालो. मूळ शेवटाची प्रत पुढे बाजारात फिरत होतीच, २०२५ च्या जूनमध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवातही दाखवली. त्यात मारून झाल्यावर ठाकूर रडतो. सगळ्या सिनेमाभर दगड असलेला माणूस वीरूच्या गळ्याशी कोसळतो. बाब्या म्हणतो तो शोक तिथे होता, चित्रित झालेला होता.

कडू कारलं

म्हणजे १९७५ च्या सरकारने सूड कापला आणि त्याबरोबर म्हाताऱ्याचं रडणंही कापलं. बाई, पहिल्या प्रतिसादापासून मी हेच सांगतोय आणि तुम्ही सगळे मला आईकडे पाठवताय.

तिसरी घंटा

कारलंसाहेब, आणीबाणीतल्या सेन्सॉरवर धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा, आणि मी बापाचा विषय काढणार.